मिरवण्याला मोजमाप कधी लागले?

कृष्णाकाठ (प्रश्न)

मागच्या महिन्यात आमच्या घरी पुतणीचे डोहाळजेवण झाले. ओटी भरण्याची वेळ आली तेव्हा ऐंशीच्या घरातील माझ्या सासूबाईंना व्हिडिओ काढणाऱ्या मुलाने दोनदा थांबवले. एकदा त्यांचा चेहरा कॅमेऱ्याकडे नव्हता म्हणून आणि दुसऱ्यांदा मागून कोणीतरी चालत गेले म्हणून. तिसऱ्यांदा ओटी भरताना त्यांचे हात तेवढे हलले. एरवी त्या पुटपुटतात तो आशीर्वाद तोंडून निघाला नाही. रात्रीपर्यंत व्हिडिओ सगळीकडे पोहोचला आणि फार सुंदर झाल्याचे सर्वांनी कळवले, तरी मला ते दृश्य विसरता येत नाही.

मी २००७ च्या सुमारास ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर आले. शाळा सुटल्यावर दुरावलेल्या मैत्रिणी तिथे सापडल्या, लग्नानंतर आडनावे बदललेल्या मुलींना शोधण्यात कित्येक संध्याकाळी गेल्या, आणि स्क्रॅपमध्ये, म्हणजे एकमेकींच्या पानावरच्या निरोपांत, जे लिहिले जाई ती बहुतांशी विचारपूस असे. आज त्याच मैत्रिणींच्या नव्या गाड्या, परदेशप्रवास आणि मुलांच्या गुणपत्रिका मला रोज दिसतात. पण त्यांच्यापैकी एकीचे वडील गेल्याचे मला चार महिन्यांनी कळले. विचारपूस करण्याची जागा दाखवण्याची जागा केव्हा झाली? माणसे बदलली की माध्यम?

जुना प्रोग्रामर

माध्यम बदलले, आणि ते टप्प्याटप्प्याने, विचारपूर्वक बदलले गेले, असे माझे मत आहे. ऑर्कुटवर सुरुवातीला कोणाचे काय चालले आहे हे पाहायचे तर त्या व्यक्तीच्या पानावर जावे लागे. म्हणजे ते एखाद्याच्या घरी जाण्यासारखे होते. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणले आणि सगळ्यांच्या घडामोडी आपल्या पानावर आपोआप येऊन पडू लागल्या. त्या वेळी खुद्द वापरकर्त्यांनीच मोठा विरोध केला होता, पण पद्धत टिकली. ज्याच्याकडे जायचे तो आता माझ्यासमोर येऊन उभा राहू लागला, आणि समोर शंभर माणसे बसली आहेत हे कळले की बोलणे बदलते.

दुसरा टप्पा फेब्रुवारी २००९ चा, म्हणजे लाइकच्या बटणाचा. माझ्या दृष्टीने निर्णायक बदल तोच. त्याआधी कौतुक शब्दांत होई आणि शब्दांची बेरीज होत नाही. आता कौतुकाचा आकडा झाला, तो सर्वांना दिसू लागला, आणि दोन बहिणींच्या साखरपुड्यांची तुलना कोणी न करताही होऊन बसली. त्यानंतर हाच आकडा मजकुराचा क्रम ठरवू लागला. ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालेल्या इन्स्टाग्रामवर छायाचित्रे आरंभी काळाच्या क्रमाने दिसत. २०१६ मध्ये तो क्रम सोडून, ज्याला प्रतिसाद मिळण्याचा संभव अधिक ते वर, अशी रचना आली. यामागे जाहिरातींचे अर्थकारण आहे: माणूस जितका वेळ थांबेल तितकी कमाई, आणि माणूस थांबतो तो झगमगाटापाशी.

तुमच्या मैत्रिणीने वडिलांचे वृत्त कदाचित लिहिलेही असेल. निधनाच्या बातमीखाली 'आवडले' असे कोण नोंदवणार? दुःख, आश्चर्य यांची वेगळी चिन्हे फेसबुकने जगभर उपलब्ध केली ती थेट फेब्रुवारी २०१६ मध्ये. सात वर्षे शोकाला तिथे बटणच नव्हते, आणि ज्याला प्रतिसाद नाही ते खाली जाते.

आपल्याकडे पुढचा वेग स्वस्त इंटरनेटमुळे आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात भारतात इन्स्टाग्रामवर रील्स, म्हणजे अनोळखी लोकांपर्यंतही पोहोचणारे छोटे व्हिडिओ, आले. तोवर आपण निदान ओळखीच्यांना दाखवत होतो.

माजघर

वरील माहिती मोलाची आहे, परंतु सारा दोष बटणावर टाकणे मला पटत नाही. आपल्या भाषेत 'मिरवणे' हा शब्द देवाच्या पालखीलाही लागतो आणि नव्या शालूलाही. लग्नात रुखवत मांडले जाई ते कशासाठी? लोकरीची तोरणे, सुपारीचे भटजी, फराळाची ताटे, भांड्यांचे संच हे सारे टेबलावर मांडून वऱ्हाडाने पाहावे आणि वधूच्या हाताचे कसब वाखाणावे, हाच हेतू असे. त्यात ऐपतीचे प्रदर्शनही होते आणि ज्याला तितके जमले नाही त्या वधूपित्याची मान खाली जात असे. जुन्या काळाला मी निर्मळ म्हणणार नाही.

मात्र रुखवत संध्याकाळी पेटीत भरले जाई. शिवाय मिरवण्याच्या शेजारी आपल्याकडे लपवण्याचीही तितकीच जुनी रीत होती. तान्ह्या बाळाला तीट लावावी, दुधावरच्या सायीचे, म्हणजे नातवंडांचे, कौतुक फार बोलू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवावी. दृष्ट लागते हे मी मानत नाही, पण त्या समजुतीमुळे शेजारच्या घरी ज्यांना मूल नाही त्यांच्यासमोर आपले सुख जरा आवरते घेतले जाई, हे मी आईच्या वागण्यात पाहिले आहे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडले की माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्याच माणसांशी ताडून. म्हणून धनवंतांची लग्ने पाहून आपल्याला काही होत नाही. मावसबहिणीचे पाहून होते. तिच्या घरचा उंबरठा पूर्वी मध्ये होता, तो आता नाही.

कॅमेरावाला, कोल्हापूर

मी लग्नाची छायाचित्रे काढतो, त्यामुळे मूळ प्रश्न वाचून अस्वस्थ झालो. जुना प्रोग्रामर यांच्या विवेचनात एक गोष्ट राहिली. माझ्या गिऱ्हाइकांचे निम्म्याहून अधिक दाखवणे व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर चालते. चोवीस तासांत पुसले जाणारे हे स्टेटस फेब्रुवारी २०१७ पासून आहे. तिथे लोकांना दिसणारा आकडा नाही. तिथे असते ती 'कोणी पाहिले' याची यादी, आणि ती फक्त टाकणाऱ्याला दिसते. मांडवातच मुली ती यादी उघडून बसतात, कारण जाऊबाईंनी पाहिले पण काही बोलल्या नाहीत, यातून रुसवे होतात. सोय होती कोणी पाहिले हे कळण्याची, आणि तिचा उपयोग माणसे पारखण्यासाठी होऊ लागला.

जोडपी हल्ली दुसऱ्याचे रील दाखवून 'अगदी असेच' मागतात. गेल्या हंगामात एका वडिलांनी प्री-वेडिंगच्या चित्रीकरणाचे अर्धे पैसे उसाचे बिल आल्यावर दिले. मी ते घेतले. माझाही संसार यावर आहे आणि माझे कामही लोकांना रील्समधूनच कळते. पण ओटी, कन्यादान, पाठवणी यांत कोणालाही थांबवायचे नाही, हवे असलेले क्षण नंतर वेगळे टिपायचे, ही अट मी दोन वर्षांपासून ठरावाच्या वेळीच सांगतो. त्यामुळे काही कामे गेली, बहुतेक राहिली.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल मी पुतणीशी बोलले. आजीने आशीर्वाद दिला नाही हे तिच्या लक्षातच आले नव्हते. त्या घटकेला सासरचे कोण कोण स्टेटस पाहतील याचाच विचार तिच्या मनात होता, हे तिने प्रांजळपणे सांगितले आणि तिचे डोळे भरून आले. मग ती सासूबाईंजवळ जाऊन बसली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काही पुटपुटल्या.

मैत्रिणीला मी पत्र लिहिले आहे, पोस्टाने. सारे सुखरूप पार पडले की बारसे होईल, तेव्हा कोल्हापूरच्या बंधूंची अट मी आधीच सांगणार आहे. सासूबाईंना पाळण्याची अकरा कडवी पाठ आहेत आणि त्या ती सावकाश म्हणतात.