सून, सोसे आणि रशियातली स्नखा, हे एकच शब्द आहेत का?

निपाणीची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. माझं माहेर निपाणी, सासर बेळगावात शहापूरला. आमच्या सासूबाई दारात उभ्या राहून मराठी बायकांना सांगतात "ही आमची सून" आणि लगेच शेजारच्या अव्वांकडे वळून "नम्म सोसे री" म्हणतात. लग्नाला सहा वर्षं झाली, इतके दिवस त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पण आमचे धाकटे दीर रशियात एमबीबीएस करायलेत, परवा व्हिडिओ कॉलवर सांगत होते की त्यांच्या घरमालक आजोबांनी आपल्या मुलाच्या बायकोची ओळख करून दिली तेव्हा जो शब्द वापरला तो चक्क "स्नखा" होता, शेवटच्या खा वर जोर देऊन. दीर म्हणाले, वहिनी, हे तर आपलं स्नुषा झालं की! दहावीला संस्कृत होतं त्यांना.

तर हे सगळे शब्द एकाच मुळातनं आलेत का? आणि आले असतील तर शेजारच्या कन्नडशी आणि एवढ्या लांबच्या रशियनशी मराठीचं नातं सारखंच म्हणायचं का? घरी सगळे म्हणतात संस्कृतातनंच जगभर शब्द गेले. मला ते पटत नाही पण का पटत नाही हे नीट सांगता येईना.

जुना_संस्कृतवाला

ताई, तुमच्या दिरांचा कान चांगला आहे. संस्कृत स्नुषा, प्राकृतात सुण्हा, त्यातनं मराठी सून. रशियन शब्द लिहितात स्नोखा पण जोर शेवटी असल्यामुळे ओ चा अ ऐकू येतो. आणि गंमत बघा, वैदिक संस्कृतातही स्नुषा शब्दाचा उदात्त, म्हणजे जोराचा स्वर, शेवटच्या अक्षरावरच आहे. एवढ्या हजारो वर्षांत तो जोर जागचा हलला नाही, मला तर हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता ष आणि ख कसे जुळतात ते सांगतो. या सगळ्या भाषा ज्या एका हरवलेल्या मूळ भाषेतनं आल्या (अभ्यासक तिला आदिम इंडो-युरोपीय म्हणतात), तिच्यातल्या शब्दात दोन्ही ठिकाणी साधा स होता, साधारण "स्नुसोस" असं रूप अभ्यासक मांडतात. संस्कृतात र, उ, क, इ यांच्यानंतरच्या स चा ष होतो. शाळेत आपण लतासु पण गुरुषु असं पाठ केलं ना, तोच नियम. रशियन ज्यात येते त्या स्लाव्ह भाषांत त्याच जागी स चा पुढे ख झाला. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या स चा र होतो आणि सुरुवातीच्या स्न मधला स गळतो, म्हणून नुरुस, त्यातनं इटालियन नुओरा, स्पॅनिश नुएरा. ग्रीकमध्ये दोन्ही स गेले, उरलं नुओस. इंग्रजीतसुद्धा जुन्या काळी "स्नोरु" होता, नंतर मेला आणि त्याच्या जागी डॉटर-इन-लॉ आलं.

नुसते शब्द सारखे वाटतात म्हणून नव्हे, तर फरकसुद्धा नियमाने पडतात म्हणून नातं धरायचं.

आणि संस्कृतातनं सगळं गेलं म्हणणाऱ्यांना श्वशुर विचारा. लॅटिन सोकेर, रशियन स्व्योकर, म्हणजे मुळात सुरुवातीला स होता. संस्कृतात पुढे येणाऱ्या श च्या ओढीनं पहिल्या स चाही श झाला. लॅटिन आणि रशियननं शब्द संस्कृतातनं उचलला असता तर हा आधीचा स त्यांना कुठनं मिळाला असता? संस्कृत ही त्यांची आई नव्हे, बहीण. विल्यम जोन्स या इंग्रज संस्कृत अभ्यासकानं १७८६ मध्ये कलकत्त्यात हेच मांडलं होतं की या भाषा एका मुळातनं आल्या आणि ते मूळ कदाचित आता शिल्लक नसेल.

चिकोडीचा_दुभाषी

माझं शिक्षण कन्नड माध्यमात झालंय म्हणून सोसे बद्दल मी लिहितो. आमच्या व्याकरणात तत्सम-तद्भवाची यादी असायची, त्यात स्नुषा - सोसे ही जोडी होती, मास्तर उभं करून म्हणायला लावायचे. म्हणजे कन्नडनं हा शब्द संस्कृत-प्राकृताकडनं घेतलाय. कन्नड द्राविड कुळातली, तिचा स्वतःचा संसार वेगळा. सासूला अत्ते, सासऱ्याला माव, दिराला मैदुन, हे सगळे घरचे शब्द, नेमकी सून तेवढी बाहेरनं आली. आणि उलट बाजूनं अण्णा, अक्का आपण त्यांच्याकडनं घेतले, आता कोणाला वाटतं का ते परके म्हणून?

तर तुमच्या प्रश्नाला माझ्या मते उत्तर असं की रशियन ही भावकी आणि कन्नड हा शेजार. भावकी कधीच लांब गेली, वाटणी होऊन हजारो वर्षं झाली, तोंड बघितलं नाही तरी आडनाव एकच. शेजाऱ्याशी रक्ताचं नातं नाही पण रोज वाटीभर साखर इकडं, वाटीभर ताक तिकडं. आणि शेजारानं माणूस किती बदलतो ते सांगलीजवळच्या कुपवाडात बघा. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषा-अभ्यासकांचा १९७१ चा अभ्यास आहे, तिथं मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यं बांधायची पद्धत इतकी एक झाली होती की शब्दाला शब्द ठेवला की भाषा बदलायची. म्हणून वाक्य ऐकून कूळ ओळखायला गेलात तर फसाल.

वडगावचा_वाचक

एक सावधगिरी सांगतो, कारण मी स्वतः या नादात बरेच दिवस चुकीचं सांगत फिरलोय. इंग्रजी डे आणि आपला दिवस मला एकच वाटायचे. दिवस आणि लॅटिन दिएस एका मुळाचे आहेत खरे पण इंग्रजी डे चं मूळ निराळं. नियमानं संस्कृतातल्या द च्या जागी इंग्रजीत ट यायला पाहिजे, दश - टेन, दंत - टूथ. डे त्यात बसत नाही. याउलट दिसायला काहीच साम्य नसलेलं आपलं जू आणि इंग्रजी योक, दोन्ही एकाच घरचे, संस्कृतात त्याला युग म्हणतात. आमच्या रानात बैलांच्या मानेवर रोज जू चढायचं, कन्नड गडी त्याला नोग म्हणायचा.

निपाणीची_माहेरवाशीण

सगळ्यांचे मनापासून आभार, भावकी आणि शेजार हे तर सासूबाईंना लगेच पटलं. त्यांनी विचारलं मग जाऊ चं काय?

जुना_संस्कृतवाला

जाऊ म्हणजे यातृ. य चा ज झाला, मधला त गळला. लॅटिनमध्ये जावांना यानित्रीकेस म्हणायचे. दीर म्हणजे देवर, लॅटिन लेवीर, रशियन द्येव्येर. आणि यात एक मोठी गोष्ट दडली आहे. सून, सासू, सासरा, दीर, जाऊ हे नवऱ्याकडच्या माणसांचे शब्द बऱ्याच शाखांत टिकलेत, बायकोच्या माहेरच्या माणसांसाठी असे सर्वत्र जुळणारे शब्द तितके मिळत नाहीत. त्यावरनं अभ्यासक म्हणतात की मुळातल्या त्या लोकांत लग्न झाल्यावर मुलगी नवऱ्याच्या घरी जायची.

निपाणीची_माहेरवाशीण

हे वाचून थोडा वेळ गप्पच बसले. निपाणीहून शहापूरला येताना मला जे नवीन शब्द तोंडात बसवावे लागले, अहो सासूबाई, जाऊबाई, तेच एवढे जुने निघाले.

रविवारी परत कॉल आहे. दिरांना सांगणारे, आजोबांना द्येव्येर कोणाला म्हणतात ते विचारा, आणि मग सांगा की मी माझ्या वहिनीचा तोच आहे.