मदत हवी आहे: म्हाताऱ्या कुत्र्याला घरीच दयामरण द्यायचं ठरतंय, त्या दिवशी नेमकं काय काय होतं?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. आमचा बंड्या, लॅब्रॅडॉर, तेरा वर्षांचा. दोन्ही किडन्या गेल्यात, क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा) नऊच्या वर, सलाईन लावलं की एखादा दिवस मान वर करतो आणि परत तेच, तोंडात फोड आलेत, पाणी प्यायला तरी उलटी. मागचे पाय तर आधीच गेलेले. डॉक्टर म्हणाले आता सुधारणा नाही, तुम्ही घरात ठरवून कळवा, मी येतो घरी. माणूस चांगलाय पण फोनवर बोलायला त्यांना वेळच नसतो, निम्मा तालुका म्हशी घेऊन त्यांच्या मागं, त्यामुळं माझे प्रश्न तसेच राहिलेत.

दवाखान्यात न्यायचं नाही एवढं पक्कं. जिना अरुंद, चादरीच्या झोळीतनं खाली आणताना कण्हतो आणि ते स्टीलचं टेबल दिसलं की थरथरायला लागतो.

तर घरी करताना किती वेळ लागतो, त्याला दुखतं का, आदल्या रात्री खायला घालायचं की नाही (खातच नाही म्हणा, पण आई दहीभात घेऊन बसते), मुलगी आठ वर्षांची आहे तिला जवळ थांबवायचं का आत्याकडं पाठवायचं? आणि नंतरचं काय? आमचं शेत आंबेवाडीला आहे, तिथं पुरायचं म्हणतोय. आईचं म्हणणं वेगळंच, घरात असलं पाप नको, जाईल तो आपल्या मरणानं. ज्यांनी हे घरी केलंय त्यांनी प्लीज सगळं सांगा, गोड करून सांगू नका.

कळंबेकर
भावा, आईंचं ऐक. आमचा मोत्या आपला आपण गेला अंगणात, कुणी सुई टोचली नाही. देवानं दिलाय देव नेईल.

माऊची आई
कळंबेकर दादा, तुमचा मोत्या म्हातारपणानं गेला असेल, किडनीचं तसं नसतं हो. विष रक्तात साठत जातं, शेवटी फिट्स येऊ शकतात, कधी कधी त्यात दोन-तीन दिवस जातात. आमच्या बोक्याचं तसं झालं, आईंना हे नक्की सांगा.

मुलीचं म्हणाल तर तिलाच विचारा. इंजेक्शनच्या वेळी नको असेल तर आधी भेटवा, नंतर परत भेटवा. पण खरं काय ते सांगा, बंड्या मेला म्हणून सांगा, गावाला पाठवला वगैरे सांगितलं तर पोरं महिनाभर कधी येणार म्हणून विचारत बसतात. घरात दुसरं जनावर असेल तर त्यालाही नंतर हुंगू द्या.

शाहूपुरीकर
दादा, आमच्या जर्मन शेफर्डचं घरी केलंय, आणि मी व्हेट मेडिकलला, म्हणजे जनावरांच्या औषधांच्या दुकानात कामाला असतो म्हणून थोडं माहितीय.

आधी भुलीचं इंजेक्शन मांडीच्या स्नायूत, तेवढंच टोचतं. दहा-पंधरा मिनिटांत मान टाकतो, बंड्या इतका खालावलाय तर जास्तही लागतील, घाई करू नका. त्यात झायलाझिन नावाचं औषध वापरलं तर काही कुत्री ओकतात, घाबरायचं नाही. खायला किती वेळ आधी बंद करायचं ते डॉक्टरांनाच विचारा, चमचाभर दहीभातानं काही बिघडत नाही असं आमचे म्हणाले होते. तुम्हाला काय बोलायचं असेल ते या इंजेक्शनच्या आधी बोला. मग पुढच्या पायाचे केस काढून शिरेत सुई, अंगातलं पाणी कमी असलं की शीर लवकर सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागलं तरी त्याला तेव्हा काही कळत नसतं. त्यातनं थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटल या भुलीच्याच औषधाचा मोठा डोस जातो, एक-दोन मिनिटांत श्वास थांबतो, मग हृदय. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून सांगतात.

एक गोष्ट फोनवरच विचारून घ्या, आधी पूर्ण भूल देणार ना? काही ठिकाणी शेवटी मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराईड देतात. गाढ बेशुद्धीत असेल तर चालतं, पण जागेपणी द्यायचं नाही म्हणजे नाही, भयंकर त्रास होतो. वाईट वाटेल म्हणून विचारायचं टाळू नका.

आता जे कुणी सांगत नाही ते. डोळे उघडेच राहतात, मिटत नाहीत. गेल्यावरही एक-दोनदा मोठा उसासा येतो, कातडी थरथरते, लघवी-संडास होतं. माझ्या बायकोला वाटलं जिवंत झाला, किंचाळली ती! तेव्हा घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, आणि खाली प्लास्टिक, त्यावर जुनी सतरंजी. पैसे आधीच देऊन टाका, नंतर नोटा मोजत बसवत नाही. वेळ सकाळची घ्या, उजेडात शीरही दिसते आणि खड्डा काढायला दिवस हातात राहतो.

आंबेवाडीचं मात्र बघा. २०१९ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलेलं आठवा, २०२१ लाही तेच, तेव्हा उंचवट्याची जागा धरा, विहिरीपासून लांब. चार फूट तरी खोल. औषध मढ्यात तसंच राहतं, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर तीही मरतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती चादर बास. काही तासांत अंग ताठरतं म्हणून पाय आधीच दुमडून ठेवा, आणि उशीर होणार असेल तर बर्फाच्या पिशव्या.

मूळ धागाकर्ता
सगळ्यांचे आभार, शाहूपुरीकर तुमचे जास्त. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आधी पूर्ण भूल, मग थायोपेंटोन, दुसरं काही नाही. रविवारी सकाळी येतायत. आईला फिट्सचं सांगितलं, काही बोलली नाही, पण दही विरजायला लावलंय. मुलगी म्हणते मी थांबणार. शेतात वरच्या बांधाला जागा बघितलीय, मुरूम आहे, पहारीनं फोडायला लागणार. खड्ड्यात चुना टाकतात म्हणे, तो आधी का नंतर?

शाहूपुरीकर
खाली थोडा, वरनं थोडा, सोबत खडं मीठ. हार्डवेअरवाल्याकडं मिळतो, शनिवारीच आणून ठेवा. आणि मुरूम असेल तर खड्डाही शनिवारीच काढा, वरनं पत्रा झाका.