कीटकनाशकाच्या बाटलीवरील रंगीत चौकोन: अक्षर न वाचणाऱ्याला तो काय सांगतो?

प्रश्न: वऱ्हाडी_रेघ

सर्वांना नमस्कार. मी वेष्टनांच्या मांडणीचे काम करते. माहेर यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीच्या पट्ट्यात असल्यामुळे कीटकनाशकांच्या बाटल्या लहानपणापासून पाहिलेल्या आहेत. परंतु त्यांवरील विषचिन्हाकडे कामाच्या नजरेने पाहण्याची वेळ अलीकडेच आली. कोनावर उभा केलेला एक चौकोन, आडव्या रेषेने त्याचे झालेले दोन त्रिकोण, वरच्या पांढऱ्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द आणि काही बाटल्यांवर कवटी, खालच्या त्रिकोणात मात्र केवळ रंग: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. शंभर मिलिलिटरच्या बाटलीवर हे सारे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत बसविलेले असते आणि शेजारी टपोऱ्या बोंडांचे चकचकीत छायाचित्र पसरलेले असते.

ज्याला वाचता येत नाही त्यालाही धोका कळावा, यासाठीच हे चिन्ह असणार, अशी माझी समजूत आहे. गावात ज्यांना मी ते दाखविले त्यांना कवटीचा अर्थ सांगावा लागला नाही. हिरव्या त्रिकोणाचा अर्थ मात्र अनेकांनी ‘हे सौम्य, पिकाला मानवणारे’ असा लावला, आणि निळ्याविषयी ‘कंपनीचा रंग असेल’ असे उत्तर आले. म्हणजे चिन्ह दिसले, लक्षातही राहिले, पण त्यातून पोहोचला तो भलताच अर्थ.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. दोष रंगाचा आहे, आकाराचा आहे, की चिन्ह लावण्याच्या जागेचा? आणि शब्दाचा आधार न घेता ‘कमी विषारी, तरीही विषारीच’ एवढे बारकाव्याचे विधान चित्राला करता येते का?

उत्तर १: काळी_माती

ताई, मी कृषी खात्यातून निवृत्त झालो आहे. आपल्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी नियम काय म्हणतो ते सांगतो, कारण या चिन्हाविषयीचे बरेचसे गैरसमज तेथूनच सुरू होतात.

कीटकनाशक कायदा 1968 चा आणि त्याखालील नियम 1971 चे. चौकोन, त्याचे दोन त्रिकोण आणि चार रंग हे सर्व त्या नियमांत आहे. चौकोनाने लेबलाच्या दर्शनी भागाचा किमान एक-सोळांश भाग व्यापला पाहिजे, असेही त्यांत म्हटले आहे. रंग ठरतो तो प्रयोगशाळेतील प्राण्यांवरील चाचणीवरून: ज्या मात्रेने निम्मे प्राणी दगावतात ती मात्रा, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये. पोटात गेलेल्या विषासाठी ही मात्रा 1 ते 50 असेल तर लाल, 51 ते 500 असेल तर पिवळा, 501 ते 5000 असेल तर निळा आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा. कवटी फक्त लाल गटाला. ‘पॉयझन’ हा शब्द लाल आणि पिवळ्या अशा दोन्ही गटांना, निळ्याला ‘डेंजर’ आणि हिरव्याला ‘कॉशन’. म्हणजे पिवळा हा सावधगिरीचा नव्हे, तर अत्यंत विषारी गटाचा रंग आहे, आणि प्रशिक्षण वर्गांतही हे पुन:पुन्हा सांगावे लागत असे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हे वर्गीकरण तीव्र विषबाधेचे, म्हणजे एकाच वेळी शरीरात गेलेल्या मात्रेचे आहे. हंगामभर रोज थोडे थोडे अंगावर उडत राहिले तर काय होईल, किंवा दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली तर काय होईल, याविषयी त्या त्रिकोणात काहीही नाही. त्यामुळे रंग बरोबर वाचणारा माणूसही सुरक्षित आहे, असे मला म्हणवत नाही.

तरीही चिन्हाची एक बाजू मांडली पाहिजे. गोदामातील माणूस, दुकानदार आणि रुग्ण आल्यावर बाटली हातात घेणारा डॉक्टर यांना त्याचा निश्चित उपयोग होतो. विषबाधा झालेल्या माणसाबरोबर बाटलीही दवाखान्यात न्यावी, असे आम्ही सांगत असू.

उत्तर २: खडू_आणि_शाई

मी दृश्यकलेच्या विद्यार्थ्यांना चिन्हरचना शिकवतो. वरील माहितीमुळे माझे काम सोपे झाले.

चिन्हे सर्वसाधारणपणे तीन तऱ्हांनी बोलतात. काही चिन्हे वस्तूसारखी दिसतात, जसे पाण्याच्या जागी काढलेला नळ. काही चिन्हे कारणाकडे किंवा परिणामाकडे बोट दाखवितात, जसा धूर आगीकडे. आणि काही केवळ ठरावाने अर्थ मिळवितात, जशी रुपयाची खूण. आपल्या चौकोनात कवटी दुसऱ्या तऱ्हेची आहे, कारण ती मरणाचा परिणामच समोर ठेवते. खालचा रंग पूर्णपणे तिसऱ्या तऱ्हेचा आहे. एकाच चिन्हाचा अर्धा भाग न शिकविता कळतो आणि अर्धा शिकविल्याशिवाय कळत नाही. वाचणाऱ्याला ही सीमारेषा दिसत नाही, म्हणून जो भाग कळत नाही त्यात तो स्वतःच्या ओळखीचा अर्थ भरतो.

हा ओळखीचा अर्थ येतो कोठून? शेजारच्या चिन्हांतून. रंगाला स्वतःचा असा अर्थ नसतो. रस्त्यावरील सिग्नलने लाल, पिवळा, हिरवा ही उतरंड आपल्या अंगवळणी पाडली आहे आणि तीत पिवळा म्हणजे ‘जरा जपून’. तीच सवय घेऊन दुकानाच्या फळीसमोर उभा राहिलेला माणूस पिवळ्या त्रिकोणाला, म्हणजे उतरंडीतील दुसऱ्या क्रमांकाच्या विषाला, सौम्य समजणार. निळा तर सिग्नलच्या उतरंडीत कोठेच नाही. रस्त्यावर निळी गोल पाटी आज्ञेची आणि निळी आयताकृती पाटी माहितीची. धोक्याशी तिचा संबंध नाही. तेव्हा ‘कंपनीचा रंग असेल’ हे उत्तर मला अडाणीपणाचे वाटत नाही. समोर जेवढी सामग्री होती तिच्यातून काढलेला तो तर्कशुद्ध निष्कर्ष आहे.

हिरव्याची गोष्ट सर्वांत बिकट. बिस्किटाचा पुडा घ्या: हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, म्हणजे शाकाहारी, म्हणजे अनेक घरांत ‘हे खायला चालते’. ही खूण 2001 पासून आपल्या स्वयंपाकघरात रुळलेली आहे. आता बाटलीवरही चौकोन आणि चौकोनात हिरवा आकार. दोन वेगवेगळ्या नियमांनी, एकमेकांची दखल न घेता, जवळजवळ एकाच आकृतीला परस्परविरुद्ध अर्थ दिले आहेत. त्यातच हिरवा हा शेतीचा, पानाचा, सेंद्रिय मालाच्या जाहिरातीचा रंग. विष सांगण्यासाठी याहून गैरसोयीचा रंग शेतीच्या दुकानात सापडणे कठीण आहे.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी माझे मत असे की ‘कमी, तरीही’ हे विधान चित्राला फार जड जाते. चित्र ‘आहे’ म्हणते. ‘नाही’ म्हणायचे तर त्यावर काट मारावी लागते, आणि ‘आहे, पण थोडे’ म्हणायचे तर एकाच चित्राची संख्या किंवा आकार बदलावा लागतो. कवटी फक्त पहिल्या गटाला देऊन बाकी तिघांवरून ती काढून टाकली, यातच गोंधळाचे मूळ आहे, असे मी समजतो. जिथे कवटी नाही तिथे विष नाही, असा निष्कर्ष डोळा आपोआप काढतो. चिन्हाची अनुपस्थिती हेही एक चिन्हच असते.

चित्र बदलून काय साधते याचे एक उदाहरण देतो. किरणोत्साराची तीन पाकळ्यांची खूण 1946 मध्ये अमेरिकेत बर्कली येथे तयार झाली. ती सुबक आहे, पण शिकलेल्यालाच कळते. 1987 मध्ये ब्राझीलमधील गोइयानिया शहरात भंगारात गेलेले किरणोपचाराचे यंत्र लोकांनी फोडले, आतील निळसर चमकणारी पूड घरोघरी वाटली गेली आणि चौघांचा जीव गेला. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात 2010 मध्ये कोबाल्टमुळे झालेली दुर्घटनाही याच जातीची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2007 मध्ये एक जादा चिन्ह आणले: लाल त्रिकोणात वर पाकळ्या आणि त्यांतून खाली येणाऱ्या लहरी, एका बाजूस कवटी, दुसऱ्या बाजूस पळणारा माणूस आणि बाहेर जाणारा बाण. भारतासह 11 देशांतील 1650 लोकांना नमुने दाखवून ते निवडले गेले. त्यात सौंदर्य कमी आणि गर्दी फार, पण ‘येथून पळा’ ही कृती त्यात आहे. आपल्या चौकोनात कृती नाही. तो पदार्थाविषयी बोलतो, माणसाने काय करावे याविषयी गप्प आहे.

जैविक धोक्याचे चिन्ह याच्या नेमके उलट तत्त्वावर, 1966 मध्ये एका रसायन कंपनीत तयार झाले. लक्षात राहील, पण कशाचीही आठवण करून देणार नाही, असा आकार त्यांनी मुद्दाम शोधला, म्हणजे अर्थ पुढे शिकविता येईल. हा मार्ग प्रयोगशाळेत चालतो, कारण तेथे येणाऱ्या प्रत्येकाला शिकविता येते. शेतावर रोजंदारीने येणाऱ्या मजुराच्या बाबतीत तो कसा चालावा?

उत्तर ३: धुऱ्यावरून

वरील चर्चा मोलाची आहे, परंतु एक गोष्ट तिच्यातून निसटते आहे. फवारणी करणारा माणूस बहुधा बाटली पाहतच नाही.

आमच्याकडे औषध मालक आणतो, ड्रममध्ये मात्रा कालवतो, आणि मजूर त्या ड्रममधून डब्याने पंप भरून घेतो. त्याच्या समोर असते ते पांढरट पाणी आणि वास. चौकोन बाटलीवर, बाटली धुऱ्यावर पिशवीत, आणि पंप त्याच्या पाठीवर. मोठ्या डब्यातून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडेसे काढून शेजाऱ्याला देण्याची पद्धतही आहे. ती वाईट आहे, पण आहे. त्या वेळी लेबल, रंग, कवटी सर्व मागे राहते आणि हातात राहते ती पिण्याच्या पाण्याची ओळखीची बाटली, जी स्वतःच ‘पी’ म्हणून सांगते. माझ्या मते वस्तूच्या आकाराने दिलेला हा संदेश कोणत्याही छापील चिन्हापेक्षा बलवान असतो.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्यापर्यंत वाढलेली होती आणि फवारा वर उडून तोंडावर येत होता. बाटलीवरील त्रिकोण कितीही स्पष्ट असता तरी उंच पिकात, उघड्या तोंडाने, वाऱ्याच्या विरुद्ध चालणाऱ्या माणसाला त्याने काय सांगितले असते? चिन्ह लावायचेच असेल तर ते पंपाच्या टाकीच्या झाकणाजवळ लावावे, जेथे भरताना नजर जातेच, आणि त्यात वाऱ्याची दिशा, तोंडावरचे फडके आणि हातमोजे दाखवावेत.

वऱ्हाडी_रेघ

सर्वांचे आभार. ‘जागा’ हा मुद्दा मी प्रश्नात घातला खरा, पण पंपाच्या झाकणाचा विचार मला सुचला नव्हता. हातमोजे, बूट, हात धुणे, कुलपात ठेवणे अशी कृतीची छोटी चित्रे काही लेबलांच्या तळाशी असतात, हे मी पाहिले आहे. ती इतकी बारीक छापतात की नक्षीच वाटतात.

खडू_आणि_शाई सर, एक शंका आहे. चारही गटांना एकच आकार असल्यामुळे रंगांधळ्या माणसाची अडचण होत असेल ना? आणि कवटी चारही गटांवर टाकली तर तिचा धाक कमी होणार नाही का?

खडू_आणि_शाई

पहिल्या शंकेचे उत्तर शेजारच्या नियमातच मिळते. मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी ठिपका होती. हिरव्या आणि तपकिरी ठिपक्यांतील भेद रंगांधळ्यांना दिसत नसल्यामुळे 2020 च्या लेबलविषयक नियमांनी तिचा त्रिकोण केला. कीटकनाशकाच्या चौकोनात लाल गटाला कवटीचा आधार आहे. बाकी तिघांना मात्र रंग आणि शब्द एवढेच, त्यातून अक्षरओळख वजा केली की सारा भार रंगावर येतो, आणि पिवळ्या-हिरव्याचा भेदही ज्याला पुसट दिसतो त्याच्या हाती काहीच उरत नाही.

कवटीचा धाक कमी होईल, ही शंका रास्त आहे. पिट्सबर्ग येथे 1971 मध्ये मुलांसाठी विषाचे नवे चिन्ह काढले गेले, कारण तेथील ‘पायरेट्स’ (म्हणजे समुद्री चाचे) या बेसबॉल संघामुळे कवटी मुलांना खेळाची खूण वाटेल अशी भीती होती. त्यांनी जीभ बाहेर काढलेला, किळस आलेला चेहरा निवडला आणि रंग कोणता, तर मुलांना सर्वांत नावडलेला भडक हिरवा! (एकाच रंगाची दोन गावांतली ही दोन रूपे मी वर्गात नेहमी दाखवतो.) पुढील पाहण्यांत मात्र लहान मुले त्या चिन्हामुळे बाटलीपासून दूर राहतात, असे आढळले नाही.

म्हणून आपण नवा नमुना काढाल तेव्हा तो सुंदर आहे का, हे कोणालाही विचारू नका. अमेरिकेतील सुरक्षाचिन्हांच्या मानकात दोन आकडे आहेत: किमान 85 टक्के लोकांना अर्थ बरोबर कळला पाहिजे, आणि उलटा अर्थ लावणारे 5 टक्क्यांहून अधिक नसावेत. आपल्या कामात दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा, कारण ‘कळले नाही’ म्हणणारा माणूस निदान कोणाला तरी विचारतो, तर ‘चांगले आहे’ म्हणणारा सरळ झाकण उघडतो. नमुना शब्दाशिवाय दाखवा, मजुरांना दाखवा, आणि ‘याचा अर्थ काय’ असे न विचारता ‘हे ज्यावर आहे ते हाती आले तर तुम्ही काय कराल’ असे विचारा. धुऱ्यावरून यांनी सुचविलेला झाकणाजवळचा नमुना पहिल्यांदा तपासावा, असे मला वाटते. आपण तो काढलात तर येथे टाका, माझे विद्यार्थी चाचणीला मदत करतील.