अनौपचारिक मार्गदर्शक म्हणजे वशिल्याचं गोंडस नाव?

टाचणी
‘पहिली नोकरी’च्या चर्चेत काल एकाने ठोकून दिलं: "ओळखीतले काका-मावशी, जुने शिक्षक, असले मार्गदर्शक म्हणजे वशिल्याचं गोंडस नाव. संस्थेने माणूस नेमून द्यावा, सहा बैठका घ्याव्यात, विषय संपला." याला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

सहा बैठकांत सीव्ही सुधारतो, मुलाखतीचा सराव होतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. साहेब "बघून घे जरा" म्हणाले, म्हणजे आज संध्याकाळपर्यंत की सवडीने, हे नव्या मुलाला कळत नाही. विचारलं तर ‘याला काही येत नाही’ असं वाटेल, म्हणून तो गप्प बसतो. चार दिवसांनी काम अपुरं निघतं आणि आळशीपणाचा शिक्का बसतो. त्याला ओळखणारा माणूस इथे नेमकं सांगतो: सूचना लिहून घे, तिथल्या तिथे वाचून दाखव, ‘कधीपर्यंत हवं’ हे विचारल्याशिवाय हलू नको. अडलास तर अर्धा तास स्वतः झटापट कर, मग काय काय करून पाहिलंस ते आधी सांग आणि नंतर प्रश्न विचार. उशीर होणार असेल तर मुदत उलटायच्या आधी कळव, नंतर नको. हे सगळं पुस्तिकेतही छापलेलं असतं. पण ते ऐकावं लागतं नेमक्या त्या संध्याकाळी, आणि तोवर सहा बैठका संपलेल्या असतात.

आडवाट
पूर्ण असहमत. ज्या घरात कुणीच कधी पगारी नोकरी केलेली नाही, त्या मुलाने हे काका-मावशी कुठून आणायचे? अमेरिकेत ‘अ‍ॅड हेल्थ’ या मोठ्या पाहणीत तरुणांना विचारलं होतं, चौदाव्या वर्षानंतर आईवडील सोडून कुणा मोठ्या माणसाने तुमच्या आयुष्यात महत्त्वाचा चांगला फरक घडवला का? त्या माहितीच्या अभ्यासातून वारंवार हेच दिसलं की असा माणूस सुस्थितीतल्या मुलांनाच जास्त लाभतो. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं. संस्थेने मार्गदर्शक नेमणं हाच त्यावरचा उपाय. तुम्ही गोड चित्र रंगवताय आणि ज्यांना कुणीच नाही त्यांना वाऱ्यावर सोडताय.

टाचणी
वाऱ्यावर कोण सोडतंय? नेमणुकीचं काय होतं तेही बघा. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही मुलांना मोठा माणूस मार्गदर्शक म्हणून नेमून देणाऱ्या अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक. तिच्या जोड्यांवर ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांचा २००२चा अभ्यास आहे. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घसरला. अर्धवट मदत निरुपद्रवी नसते.

आडवाट
तो दोष लवकर सोडून जाण्याचा आहे, नेमण्याचा नव्हे. आणि ती शाळकरी मुलं होती, नोकरीला लागणारी नव्हेत. आपल्या सोयीचे आकडे उचलू नका.

कोरा कागद
तुम्ही दोघेही मुख्य गोष्ट बोलतच नाही आहात. ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणत वर्षभर फुकट राबवून घेणारे हेच ते प्रेमळ मार्गदर्शक! ओळखायची खूण सोपी आहे. मुलाने केलेलं काम गिऱ्हाइकाला विकलं जातंय का? तो एक दिवस आला नाही तर काम अडतं का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर तो कामगार आहे आणि त्याला पगार मिळालाच पाहिजे. मार्गदर्शन मागायला गेलेल्याने पहिल्याच दिवशी तास, कालावधी आणि पैसे लेखी विचारावेत. तोंडी ‘बघू पुढे’वर एक आठवडाही थांबू नये.

सावली
कोरा कागद, मुद्दा रास्त आहे, पण तो शिकाऊ उमेदवारीच्या धाग्यात न्या. मला वशिल्याबद्दल बोलायचंय, कारण मूळ आरोप तोच आहे. अशा वादात कुणीतरी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटरला आणतंच, म्हणून आधीच सांगते. १९७३च्या त्याच्या लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर गाठ पडत होती. ५५.६ टक्क्यांची अधूनमधून आणि २७.८ टक्क्यांची क्वचित. दूरच्या ओळखी कामाला येतात, कारण जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं.

आडवाट
तो नमुना नोकरी बदलणाऱ्या अनुभवी व्यावसायिकांचा होता. नवख्यांना तो लावता येत नाही. नवख्यांसाठी स्वीडनचा अभ्यास बघा, क्रामार्झ आणि स्कान्स, २०१४. पहिली नोकरी कुठे लागते यावर आईवडिलांच्या कामाच्या जागेचा ठळक परिणाम दिसतो, आणि शिक्षण कमी असेल, बेकारी जास्त असेल तेव्हा तो अधिकच. याला वशिला नाही तर काय म्हणायचं?

सावली
तोच अभ्यास पुढे वाचा! त्या मुलांचा सुरुवातीचा पगार कमी होता, पण ती त्या जागी जास्त टिकली आणि त्यांची पगारवाढही चांगली झाली. आणि मुलगा लागला नेमक्या त्याच सुमारास आईवडिलांची पगारवाढ मंदावली. नाव पुढे करणाऱ्याला झळ बसते. वशिल्यात शब्द टाकणारा नामानिराळा राहतो, शिफारस करणारा स्वतःची पत लावतो.

आडवाट
झळ बसली म्हणून ते न्याय्य ठरतं का? रांगेतल्या दुसऱ्या मुलाची जागा गेलीच ना? त्याच्यासाठी कुणाची पगारवाढ थांबली?

रोखठोक
दोघेही हवेत बोलताय. शिफारस कशी केली जाते त्यावर सगळं ठरतं. "आपला मुलगा आहे, बघा जरा" हा वशिला. शिफारशीत तीन गोष्टी लागतात. याला किती काळ ओळखतो; याचं कोणतं काम स्वतः पाहिलं; याला अजून काय शिकवावं लागेल. तिसरी गोष्ट लोक गाळतात, आणि तिच्यामुळेच पहिल्या दोन खऱ्या वाटतात. ‘हिशेब चोख ठेवतो, पण फोनवर बोलताना गडबडतो, पहिला महिना कुणीतरी शेजारी बसावं’ असं ज्याच्याबद्दल लिहिलंय तो मुलगा नोकरी देणाऱ्याला कामाचा वाटतो, कारण काय मिळणार हे त्याला आधीच कळतं. ज्याचं काम पाहिलेलं नाही त्याची शिफारस करू नये, सख्खा भाचा असला तरी. जाहिरात न वाचता सीव्ही पुढे ढकलू नये. ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास उत्तम’ यांतला फरक मुलाबरोबर बसून आधी पाहावा; नवखी मुलं दुसरी यादी वाचूनच अर्ज सोडून देतात. आणि मुलाच्या वतीने आपण फोन करू नये. त्याने आधी अर्ज करावा, मग त्याला सांगून आपण कळवावं. परस्पर लागलेल्या मुलाकडे सहकारी पहिल्या दिवसापासून संशयाने पाहतात, आणि ते निस्तरायला मार्गदर्शक तिथे नसतो.

आडवाट
रोखठोक, हे मान्य. मनापासून नाही, पण मान्य. इतक्या शिस्तीने किती जण करतात, हा प्रश्न मात्र उरतो. आणि ज्याच्याकडे शब्द टाकायला माणूसच नाही त्याचं काय, याचं उत्तर अजून कुणीही दिलेलं नाही. तीनदा विचारून झालं.

टाचणी
देते. अमेरिकेतला ‘नॅशनल गार्ड यूथ चॅलेंज’ हा कार्यक्रम शाळा सुटलेल्या मुलांसाठी आहे. तिथे संस्था माणूस नेमत नाही, मुलं आपल्या ओळखीतून सुचवतात आणि संस्था त्या माणसाला तपासून तयार करते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी आईवडिलांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या मदतीशिवाय स्वतः माणूस निवडला त्यांची नाती जास्त टिकली. आता यातली निवड तुमच्या बाजूची की माझ्या, तुम्हीच ठरवा.

आडवाट
म्हणजे संस्था लागतेच! हेच तर पहिल्यापासून म्हणतोय.

टाचणी
तपासायला आणि तयार करायला लागते, जोड्या लावायला नाही. आणि सुचवायचं कुणाला हे मुलांना सुचत नाही, तिथे मदत करा. ‘तुझा मार्गदर्शक कोण?’ असं विचारलं की मुलं ‘कुणी नाही’ म्हणतात. ‘गेल्या दोन वर्षांत तुझं काम बघून कोण काही बोललं?’ असं विचारा, नावं निघतात: खेळाचे शिक्षक, ग्रंथपाल, सुट्टीत काम केलं तिथला मुकादम. मग त्यातल्या एकाला चार ओळींचा निरोप. मी कोण, कोणता एक प्रश्न आहे, वीस मिनिटं हवीत, कोणते दोन दिवस मला चालतील. नोकरी मागायची नाही. मागितली की माणूस बचावात जातो आणि बोलणं तिथेच संपतं. भेट संपायच्या आत पुढची तारीख ठरवायची. आठवड्याच्या आत कळवायचं की सांगितल्यापैकी काय केलं, जमलं नसेल तरीही. बहुतेक नाती इथेच तुटतात. मुलगा नापास झाल्याच्या लाजेने गप्प राहतो, आणि समोरच्याला वाटतं याला आता गरज उरली नाही. म्हणून त्या मोठ्या माणसालाही आधीच सांगून ठेवा: दोन आठवडे आवाज नसेल तर पहिला फोन तुम्ही करायचा.

आडवाट
शेवटचं वाक्य संस्थेच्या नियमावलीत घाला, बाकी वाद उद्या.