मदत हवी आहे: वीस वर्षांनी पेटी पुन्हा हातात घेताना

डबल सुरांची, खर्ज-नर पेटी (हार्मोनियम) आहे, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर, एक खर्जाचा आणि एक मधल्या सप्तकाचा. स्टॉपर (सुरांकडे हवा सोडणाऱ्या पुढच्या खुंट्या) बंद ठेवून भाता भरला तर हवा टिकते. स्टॉपर उघडले की एकही पट्टी न दाबता दहा सेकंदांत संपते. म्हणजे भाता ठीक आहे, गळती पट्ट्यांखालच्या चामड्यातून आहे, बरोबर ना? सगळं चामडं बदलावं, की आधी स्प्रिंगांचा ताण बघावा?

मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, दोन सूर खरखरतात. सूर देणाऱ्या पितळी जिभेखाली पातळ कागद सरकवून धूळ काढली, तरी एक तसाच आहे. जीभ चौकटीला घासत असेल का? कानस लावायला मन धजत नाही. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही.

आता बोटांचं. वय बावन्न. सारेग, रेगम हा अलंकार मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत, मात्रेला एक सूर, स्वच्छ वाजतो. दुगुनीत (मात्रेला दोन सूर) मात्र अनामिका अडते आणि मनगट ताठतं. दहा-दहा मिनिटांच्या तीन बैठका बऱ्या, की सलग अर्धा तास? पन्नाशीनंतर शिकणाऱ्यांना शिकवलेल्यांनी जरूर सांगा.