लोडर भरला की मागची चाकं हलकी पडतात, मागं वजन कुठं आणि किती टाकायचं?

दिंडोरी_शिवार
राम राम मंडळी. आपला ४५ एचपीचा टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे, त्याला यंदा पुढं लोडर, म्हणजे माल भरून उचलायची बकेट, बसवून घेतला. काम तसं ठरलेलं, शेणखत ट्रॉलीत भरायचं, शिवाररस्त्यावर मुरूम ओढायचा, बागेतल्या काड्या गोळा करायच्या. सुकं खत असेल तर काही वाटत नाही पण ओलं खत भरून बकेट वर घेतली की मागचं सगळं हलकं लागतं, स्टेअरिंग दगडासारखं होतं आणि आमच्या मळ्याचा नाल्याकडं उतार आहे तिथं ब्रेक दाबला तरी चाकं घसरत जातात. मोठे भाऊ म्हणतात दोन पोरं मागं लिफ्टवर, म्हणजे औजार अडकवायच्या दांड्यांवर, उभी कर, गावात सगळे तसंच करतात. लोडर बसवणारा म्हणाला टायरात पाणी भर. एक फॅब्रिकेशनवाला सिमेंटचा ठोकळा करून देतो म्हणतोय. वडिलांचं म्हणणं एवढं वजन लादलं तर एक्सल बसेल. आणि बंपरवरचे वेट ठेवायचे का काढायचे तेही सांगा. खर्च एकदाच करायचाय, नीट करायचाय.

पिंपळगाव_बागायत
भाऊ बाकी सगळं नंतर, आधी ते पोरं उभी करायचं आजच बंद करा. लिफ्टच्या दांड्यांवर उभं राहायला जागा नाही, धरायला काही नाही, ढिगाऱ्यात बकेट घुसवून वर ओढली की मागचं चाक उचलतं आणि परत आपटतं, त्या झटक्याला माणूस मागच्या टायरपुढं नाहीतर खाली जातो. दोन पोरांचं वजन होतं किती, सव्वाशे किलो. तेवढ्यासाठी कुणाच्या लेकराचा जीव टांगणीला लावायचा नाही. भाऊंना माझ्याकडून हात जोडून सांगा.

आता हिशोब. पहारीनं धोंडा उचलताना खाली टेकू देतो ना तसा इथं पुढचा एक्सल टेकू आहे. बकेट त्याच्या पुढं, ट्रॅक्टरचं अंग त्याच्या मागं. दोन्ही एक्सलमधलं अंतर साडेसहा फूट धरा, बकेटमधला माल पुढच्या एक्सलच्या ५ फूट पुढं आणि वजन ५०० किलो. मग मागच्या चाकांवरून जवळजवळ ३८५ किलो उचललं जातं आणि पुढच्या एक्सलवर ८८५ किलो जादा बसतं. म्हणजे मालाचे ५०० आणि मागून आलेले ३८५. हे उभ्या ट्रॅक्टरचं झालं, बकेट खाली सोडताना मधेच लिव्हर झटक्यानं थांबवला तर याहून कितीतरी जास्त. तुमचं स्टेअरिंग जड होतं ते यामुळंच.

आणि टू व्हील ड्राइव्हला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात हे डोक्यात ठेवा. मागची चाकं जमिनीवर दाबून बसलेली नसतील तर ब्रेक कितीही चांगले असले तरी धरणार कशाला? उतारावर तुमचं तेच होतंय.

बंपरवरचे वेट काढून टाका, ते नांगराच्या कामासाठी पुढचं उचलू नये म्हणून असतात. लोडरला ते नेमके उलटे पडतात.

ओझर_टायर
पाणी भरायला हरकत नाही, आमच्याकडं रोज कुणीतरी भरायला येतं. व्हॉल्व्ह अगदी वर येईल असं चाक फिरवायचं, जॅक लावायचा, व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरायचं म्हणजे साधारण ७५ टक्के होतं, वरच्या जागेत हवा ठेवायचीच, काठोकाठ भरलं तर टायरला दबायला जागाच राहत नाही, चाक दगड होतं. १३.६–२८ च्या टायरात एका बाजूला दीडशे लिटरच्या आसपास बसतं, म्हणजे दोन्ही मिळून ३०० किलो. बाहेरच्या देशातल्या व्हिडिओत पाण्यात कॅल्शियम क्लोराईड टाकतात ते पाणी गोठू नये म्हणून, आपल्याकडं साधं पाणी चालतं. अडचण एवढीच, पंक्चर झालं की आधी पाणी काढा मग काम.

पिंपळगाव_बागायत
टायरवाल्या दादांचं बरोबर आहे, पण पाण्यानं निम्मंच काम होतं. चाकातलं वजन नेमकं मागच्या चाकावर बसतं, ३०० टाकलं तर मागं ३०० च वाढतं आणि पुढच्या एक्सलचा भार एक किलोनंही कमी होत नाही. लिफ्टला ठोकळा अडकवला तर तो मागच्या एक्सलच्याही मागं लटकतो. ६०० किलोचा ठोकळा सव्वातीन फूट मागं असेल तर मागच्या चाकांवर ९०० येतं आणि पुढचा एक्सल ३०० नं मोकळा होतो. वडिलांची काळजी एक्सलची आहे ना, त्यांना हेच समजावा, जीव चाललाय तो पुढच्या एक्सलचा, त्याच्या किंगपिनचा (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) आणि हबच्या बेअरिंगचा, आणि ठोकळा त्यालाच वाचवतो. मागचा एक्सल नांगर-रोटर (रोटाव्हेटर) पेलायलाच केलेला असतो. फक्त मागच्या टायरवर लोड किती चालतो ते बघून हवा ठेवा.

पाण्याचा फायदा वेगळा आहे, वजन खाली राहतं म्हणून आडव्या उताराला ट्रॅक्टर जास्त धरून राहतो. जमलं तर दोन्ही करा.

अंबड_फॅब्रिकेशन
आम्ही असे ठोकळे करून देतो म्हणून थोडं सांगतो. काँक्रीट घनफुटाला ६८ किलो भरतं. ३ फूट रुंद, २ फूट उंच, दीड फूट खोल म्हणजे ९ घनफूट, ६१० किलोच्या आसपास, वरून लोखंड वेगळं. ४५ एचपीच्या लिफ्टला एवढं जड नाही, तरी लोडरच्या पुस्तकात मागं किती वजन सांगितलंय ते आधी बघा, तोच आकडा खरा. ठोकळा रुंद आणि पातळ ठेवायचा, ट्रॅक्टरच्या रुंदीबाहेर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर बागेच्या ओळीत वळताना बांबू-तारांना अडकतो.

खरी गोम लोखंडात आहे. लोक वर दोन हूक रोवतात आणि काँक्रीट ओततात, वर्षभरात हूक सैल होऊन ठोकळा खाली. आतमधे सळईचा पिंजरा करायचा, खालून आरपार एक शाफ्ट, टॉप लिंक, म्हणजे लिफ्टचा वरचा दांडा, जिथं अडकतो ती पट्टी थेट पिंजऱ्याला वेल्ड करून शाफ्टपर्यंत नेलेली पाहिजे. पिना कॅटेगरी २ (लिफ्टच्या पिनांचं ठरलेलं माप) च्या असतील तर खालच्या २८ आणि वरची २५ मिलिमीटर, तुमच्या लिंकचे बॉल मोजून मगच शाफ्ट घ्या. खाली दोन पाय ठेवा म्हणजे काढून ठेवल्यावर कलंडत नाही, लहान मुलं आसपास खेळतात. ओतल्यावर निदान तीन आठवडे पाणी मारा, लगेच उचलू नका.

दिंडोरी_शिवार
खूप छान समजावलंत सगळ्यांनी. भाऊंना वाचून दाखवलं, पोरांचा विषय संपला. एक विचारायचं राहिलं, रोटर घरात पडूनच असतो, ठोकळा होईपर्यंत तोच मागं लावला तर?

पिंपळगाव_बागायत
चालेल. पाच-सहा फुटी रोटर चारशे किलोच्या वर भरतो. रोटर फिरवणारा शाफ्ट काढून ठेवा, रोटर जमिनीपासून फूटभर वर, लिफ्ट कंट्रोल लॉक करा. मागं लांबी वाढते म्हणून ट्रॉलीजवळ वळताना दोनदा मागं बघा. पण एक, रोटर लावलाय म्हणून बकेट काठोकाठ भरायची नाही, वजन मागं टाकतोय ते धरून चालायला, माल वाढवायला नाही.

नाल्याच्या उताराला भरलेली बकेट घेऊन तोंड खाली करून उतरू नका. बकेट कायम चढाच्या बाजूला, म्हणजे चढताना सरळ आणि उतरताना रिव्हर्समधे. दोन्ही ब्रेकचे पेडल लॉकनं जोडलेले हवेत, आणि बकेट चालताना गुडघ्याइतकीच वर, ट्रॉलीपाशी उभं राहूनच उचलायची.

अंबड_फॅब्रिकेशन
ठोकळा झाला की एकदा वजनकाट्यावर न्या. बकेट भरून फक्त मागची चाकं काट्यावर चढवा, मग तसंच ठोकळा काढून. दोन्ही आकडे इथं टाका, बाकीच्यांनाही कामाला येतील.

दिंडोरी_शिवार
नक्की टाकतो. बंपरचे वेट सकाळीच काढले, आत्ता लिंकचे बॉल मोजले, खालचे २८ चेच निघाले.