दरोडा न दाखवणं म्हणजे पळवाट?

कमी खर्चाच्या गुन्हेपटांत बँकेच्या आतला दरोडा न दाखवता कॅमेरा बाहेरच ठेवणं ही पैसे वाचवायची पळवाट, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. पैसे वाचतात, हे मान्य. पळवाट मात्र पटलं नाही. दिग्दर्शक जोसेफ लुईसचा १९५० चा अमेरिकी गुन्हेपट 'गन क्रेझी' या चर्चेत अजून कसा आला नाही? किंग बंधूंची स्वतंत्र निर्मिती, बंदुकीच्या नादातून जुळलेलं तरुण जोडपं आणि तीन मिनिटांहून लांब, एकही कट नसलेला दरोडा. कॅमेरा सबंध वेळ गाडीच्या मागच्या सीटवर. गावात शिरताना दोघांची बडबड, त्यातही पार्किंग मिळेल ना याची काळजी (हे संवाद बरेचसे नटांनी आयत्या वेळी रचलेले), मग तो आत जातो आणि आपण तिच्यासोबत बाहेर. तेवढ्यात पोलीस येतो. ती उतरून त्याच्याशी गोड बोलत त्याला गुंतवते. आत काय चाललंय ते तिलाही कळत नाही, आपल्यालाही नाही. काउंटरवरची धमकी आपण शंभरदा पाहिलीय, हे असं बाहेर वाट बघणं मात्र पाहिलेलं नाही. शिवाय सुटल्यावर मागे वळून पाहणाऱ्या तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्यात हे प्रकरण कुठे जाणार ते कळून चुकतं.

आणि हो, पटकथेवर नाव मिलर्ड कॉफमनचं असलं तरी काम डाल्टन ट्रम्बोचं होतं, ज्याला कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलं होतं.